शहरातली बंदिस्त आइस रिंक: बर्फ कोणाच्या वाट्याला, आणि किती वाजता?

प्रश्न थोडक्यात असा: शहरात बंदिस्त आइस रिंक, म्हणजे छपराखालचं बर्फाचं स्केटिंग मैदान, बांधायचा प्रस्ताव आला की एक बाजू म्हणते शहराची शान वाढेल, दुसरी म्हणते चार हौशी पोरांसाठी पांढरा हत्ती कशाला पोसायचा? तर या रिंका मुळात आल्या कुठून, त्या चालतात कशा, आणि स्केटिंगपलीकडे त्यांचा काही उपयोग होतो का?

माझं मूळ काम रेफ्रिजरेशनचं. कॉम्प्रेसर बसवण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे रिंक चालवण्याच्या कामात अडकलो, तो अडकलोच. त्यामुळे यंत्रघर आणि तिकीट-खिडकी, दोन्हीकडचं थोडं थोडं ठाऊक आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. पाणी गोठवणं हे यातलं सोपं काम. अवघड कामं दोनच: इमारतीतल्या हवेचा दमटपणा आवरणं, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचा बर्फ कोणाला किती तास द्यायचा हे ठरवणं. पहिल्याकडे दुर्लक्ष झालं की इमारत कुजते, दुसऱ्याकडे झालं की तिजोरी. इतिहासही याच दोन गोष्टींभोवती फिरतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

बंदिस्त रिंकची गोष्ट यंत्रापासून सुरू होत नाही, छपरापासून होते. थंड मुलखात बर्फ फुकटच होता. त्रास होता तो वाऱ्याचा, वरून पडणाऱ्या हिमाचा आणि दुपारीच मावळणाऱ्या उजेडाचा. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये १८६२ साली व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक उघडली ती या तिन्हींवर उपाय म्हणून. वर कमानदार छप्पर, आत गॅसचे दिवे आणि खाली बाहेरच्या थंडीनेच गोठलेला नैसर्गिक बर्फ. मैदान २०४ फूट लांब आणि ८० फूट रुंद. उत्तर अमेरिकेतल्या हॉकी रिंकचं आजचं माप २०० बाय ८५ फूट आहे, म्हणजे एका इमारतीच्या भिंतींनी खेळाचा आकार ठरवला असं म्हणायला हरकत नाही.

याच रिंकवर ३ मार्च १८७५ रोजी आइस हॉकीचा पहिला संघटित बंदिस्त सामना झाला. दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू. चेंडू उडून प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून त्याऐवजी लाकडाची चपटी गोल चकती वापरली. आजच्या पकची ती पूर्वज. सामना चालू असतानाच काही मुलं मधूनमधून स्केटिंग करत फिरत होती. त्यावरून वाद पेटला, एका लहान मुलाच्या डोक्यात फटका बसला, मग रीतसर मारामारी झाली आणि एक बाकही मोडलं. हॉकीवाले आणि मोकळेपणी फिरणारे यांच्यातली ही तेढ कोणत्याही रिंकच्या व्यवस्थापकाला नवी नाही. फरक इतकाच की आता ती ईमेलवर चालते.

यंत्राने बर्फ करायची धडपड याच काळात दुसरीकडे सुरू होती. १८४०च्या दशकात लंडनमध्ये एक ‘ग्लेशियारियम’ निघालं होतं, पण तिथल्या पृष्ठभागाखाली गोठलेलं पाणी नव्हतंच. क्षार आणि डुकराची चरबी यांचं मिश्रण होतं. त्याचा वास किती येत असेल याची कल्पनाच केलेली बरी. प्रकार लवकरच बंद पडला. आज प्लॅस्टिकच्या पाट्या जोडून जे ‘सिंथेटिक आइस’ करतात ते त्याच कुळातलं, फक्त वास नसलेलं. घरच्या घरी हॉकीच्या शॉटचा सराव करायला ते ठीक आहे. पण पात्याला घर्षण जास्त लागतं, धार भराभर जाते, आणि एका ढकलीत जितकं लांब घसरायला हवं तितकं माणूस घसरत नाही. शहराची रिंक म्हणून ते कोणी विकायला आलं, तर नम्रपणे दार दाखवावं.

खऱ्या, यंत्राने गोठवलेल्या बर्फाची पहिली रिंक लंडनच्या चेल्सी भागात ७ जानेवारी १८७६ रोजी उघडली. ती उभारणारे जॉन गॅमगी पेशाने पशुवैद्यक. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून मांस गोठवून आणता येईल का, या खटपटीत त्यांना गोठवण्याची युक्ती सापडली होती. त्यांची कायमस्वरूपी रिंक फक्त ४० बाय २४ फुटांची, म्हणजे एखाद्या मोठ्या दिवाणखान्याएवढी. तिचा छेद मात्र बघण्यासारखा आहे: खाली काँक्रीट, त्यावर माती, मग गाईचे केस आणि लाकडी फळ्या, आणि सगळ्यावर लंबगोल तांब्याच्या नळ्या. या नळ्यांतून ग्लिसरीन, ईथर, नायट्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांचं मिश्रण फिरायचं. वर पाणी ओतलं की ते गोठायचं. गाईचे केस वाचून हसू येतं, पण कल्पना अचूक होती. खालून येणारी उष्णता अडवायची, थंडावा वरच्या बाजूलाच खर्च करायचा. आज केसांच्या जागी दहा-एक सेंटिमीटर जाडीचे पॉलिस्टायरीनचे तक्ते असतात, बाकी क्रम जवळजवळ तोच आहे.

सभासद श्रीमंत, वाद्यवृंदासाठी वेगळा सज्जा, भिंतींवर आल्प्सची चित्रं. एवढं सगळं असून रिंक वर्षाच्या आत बंद झाली. खर्च तर होताच, पण गिऱ्हाईक पळालं ते धुक्यामुळे. थंड बर्फावर दमट हवा आली की तिथे धुकं धरतं, आणि ते हटवायचं साधन गॅमगींकडे नव्हतं. इंग्लंडमधल्याच साउथपोर्टची १८७९ची रिंक दहा वर्षं टिकली, तीही तोट्यातच. गोठवण्याचं तंत्र साधलं होतं. हवेचं आणि हिशेबाचं साधायचं होतं.

पुढचा काळ भराभर सांगतो. १८९०च्या दशकात पॅरिस आणि लंडनमध्ये उच्चभ्रूंच्या देखण्या रिंका आल्या. त्यातल्याच लंडनच्या प्रिन्सेस स्केटिंग क्लबमध्ये १९०८च्या ऑलिंपिकची फिगर स्केटिंगची, म्हणजे उड्या-गिरक्यांच्या स्केटिंगची, स्पर्धा झाली. हिवाळी ऑलिंपिक सुरू व्हायला तेव्हा सोळा वर्षं अवकाश होता. बंदिस्त बर्फ उपलब्ध होता म्हणूनच हा खेळ उन्हाळी ऑलिंपिकच्या यादीत बसला. कॅनडात कृत्रिम बर्फ १९११ साली पोचला, आणि तोही कुठे, तर व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया या देशातल्या सगळ्यात सौम्य हवेच्या कोपऱ्यात. लेस्टर आणि फ्रँक या पॅट्रिक बंधूंना तिथे हॉकीची लीग चालवायची होती आणि भरवशाचा नैसर्गिक बर्फ नव्हता. जिथे बर्फ पडत नाही तिथेच यंत्राची गरज लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

मला सगळ्यात आवडणारा किस्सा कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावचा. फ्रँक झांबोनी आणि त्याचा भाऊ बर्फाच्या लाद्या बनवून विकायचे. घरोघरी विजेचे फ्रिज आले आणि लाद्यांचा धंदा बसायला लागला. हाताशी गोठवण्याची यंत्रं होती, कसब होतं, मग १९४० साली त्यांनी आइसलँड नावाची रिंक काढली. सुरुवातीला ती उघड्यावर होती. ऊन आणि कोरडे वारे बर्फ टिकू देईनात, म्हणून लवकरच वर घुमट आला. दुसरी अडचण अशी की खराब झालेला बर्फ पुन्हा गुळगुळीत करायला तिघांना तासाहून जास्त वेळ लागायचा: ट्रॅक्टरने खरवडायचं, चुरा फावड्याने गोळा करायचा, पाणी फवारायचं, रबरी पट्टीने ओढायचं, आणि ते गोठेपर्यंत गिऱ्हाइकाने ताटकळत बसायचं. बरीच वर्षं खटपट करून १९४९ साली झांबोनीने हे सगळं एका फेरीत करणारी गाडी बनवली. स्केटिंगच्या जगात हा शोध पात्यांच्या सुधारणेपेक्षाही मोठा आहे असं माझं मत आहे, कारण त्याने बर्फाचे विकता येणारे तास वाढवले. दर फेरीमागे तास वाया जात असेल तर दिवसाला चार-पाच सत्रंच होतात. दहा मिनिटांत काम उरकलं की दिवस भरगच्च लावता येतो.

ती गाडी नेमकं काय करते हे जवळून बघण्यासारखं आहे. मागच्या पेटीत पूर्ण रुंदीचं एक लांब, दाढीच्या पात्यासारखं धारदार पातं असतं. ते बर्फाचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर थर तासतं. आडवा स्क्रू तो चुरा मध्ये ओढतो, उभा स्क्रू वर उचलून टाकीत फेकतो. लगेच मागून धुण्याचं पाणी खाचांतली घाण काढतं आणि परत शोषलं जातं. सगळ्यात शेवटी एक रुंद कापड ओढत येतं आणि त्यातून साठेक अंश सेल्सिअसचं गरम पाणी पसरतं. बर्फावर गरम पाणी कशाला, हे हटकून विचारलं जातं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, त्यामुळे बुडबुडे न राहता बर्फ घट्ट आणि पारदर्शक गोठतो. शिवाय ते खालचा थर क्षणभर वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. गार पाणी टाकलं तर पापुद्रा बसतो आणि पात्याखाली सुटून येतो. एका फेरीला चार-पाचशे लिटर पाणी लागतं, म्हणजे साऱ्या मैदानावर जेमतेम पाव मिलिमीटरचा थर. चालवणारा हुशार असेल तर तो कडेला पातं थोडं खोल धरतो, कारण मैदानाभोवतीच्या पाट्यांलगत बर्फ चढत जातो आणि गोलपुढे तो झिजत जातो. म्हणून आठवड्यातून एकदा हातात ड्रिल घेऊन ठरलेल्या जागी भोकं पाडायची, जाडी मोजायची आणि वहीत लिहायची. ही वही बघितली की रिंक कशी चालवली जाते ते पाच मिनिटांत कळतं.

आता त्या बर्फाखाली काय असतं ते. आंतरराष्ट्रीय मापाची रिंक ६० बाय ३० मीटर, म्हणजे साधारण १,८०० चौरस मीटर. बर्फाची जाडी फक्त अडीच ते चार सेंटिमीटर. लोकांना वाटतं खाली हातभर बर्फ असेल. तीन सेंटिमीटर धरले तरी पाणी लागतं सुमारे ५०,००० लिटर. बर्फ जाड ठेवला तर तो मजबूत होत नाही, महाग होतो, कारण बर्फ स्वतः उष्णता अडवतो आणि वरचा पृष्ठभाग तितकाच गार ठेवायला खालचं तापमान आणखी उतरवावं लागतं. बर्फाखाली काँक्रीटचा स्लॅब आणि त्यात दर नऊ-दहा सेंटिमीटरवर एक नळी. सगळ्या नळ्या जोडल्या तर सतरा-अठरा किलोमीटर भरतील. त्यातून कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी, म्हणजे ब्राइन, किंवा ग्लायकॉल फिरतं, शून्याखाली दहा अंशांच्या आसपास. स्लॅबखाली उष्णतारोधक थर. आणि त्याच्याही खाली गरम नळ्या. हो, गरमच. त्या नसतील तर वर्षानुवर्षं थंडावा झिरपून जमीन गोठते, फुगते आणि अख्खा स्लॅब उचलून तडकवते. बांधताना पैसे वाचवायला या नळ्या गाळणारे लोक असतात. दहा-पंधरा वर्षांनी मैदान उंचसखल झालं की त्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

बर्फ बसवणं हे काही दिवसांचं, कंटाळवाणं आणि मला फार आवडणारं काम आहे. स्लॅब गार झाला की नळी सोडून पाणी भरायचं नसतं. बारीक फवारा मारायचा, तो गोठू द्यायचा, पुन्हा मारायचा. पहिले एक-दोन थर बसले की पांढरा रंग फवारायचा. काँक्रीट राखाडी असतं, आणि बर्फ पांढरा दिसतो तो या रंगामुळे. मग दोरी ताणून लाल-निळ्या रेषा, वर्तुळं, मग पुन्हा थरावर थर. घाई केली की रंग वर तरंगतो आणि पुढचे सहा महिने तिरकी निळी रेषा सगळ्यांना दिसत राहते.

दमटपणाकडे येतो, कारण गॅमगींना ज्याने हरवलं तो शत्रू अजून तिथेच आहे. बर्फामुळे इमारतीतला प्रत्येक पृष्ठभाग गार होतो, छतसुद्धा. छत आपली उष्णता बर्फाकडे फेकत असतं, म्हणून त्याला स्वतःला ऊब उरत नाही. त्याचं तापमान दवबिंदूखाली गेलं की तिथे पाणी साचतं आणि थेंब पडायला लागतात. खाली पडलेल्या थेंबाचा बर्फावर छोटा उंचवटा तयार होतो. वेगात येणाऱ्या फिगर स्केटरच्या पात्याखाली असा उंचवटा आला तर घोटा जायबंदी होतो. उपाय दोन: हवेतलं बाष्प काढणारं मोठं यंत्र, आणि छताला उष्णता कमी फेकणारं चकचकीत अस्तर. अस्तरामुळे बर्फावरचा उष्णतेचा भारही बराच उतरतो. बाष्प काढायचं यंत्र पहिल्याच अंदाजपत्रकात कापलं जातं, कारण ते उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही.

हा विषय नुसत्या गैरसोयीचा नाही. जर्मनीतल्या बाड राइशेनहाल इथे २ जानेवारी २००६ रोजी रिंकचं छत कोसळून १५ जण गेले, त्यात बहुतेक मुलं. छतावर बर्फाचा भार होता, पण मूळ दुखणं जुनं होतं. लाकडी पेटी-तुळया ज्या गोंदाने जोडल्या होत्या तो युरिया रेझिनचा, दमट हवेत टिकणारा नव्हे. सत्तरच्या दशकात बांधलेल्या त्या इमारतीत तो वर्षानुवर्षं आतून सुटत गेला. म्हणून जुनी रिंक बघायला गेलो की मी बर्फ नंतर बघतो, आधी छताचे सांधे.

तितकंच गंभीर म्हणजे अमोनिया. रेफ्रिजरंट, म्हणजे गोठवणाऱ्या यंत्रात फिरणारा पदार्थ, म्हणून तो उत्तम आहे, स्वस्त आणि कार्यक्षम, पण विषारी. कॅनडातल्या फर्नी गावच्या रिंकमध्ये १७ ऑक्टोबर २०१७ रोजी गळतीने तीन कामगारांचा जीव गेला. जुना चिलर, म्हणजे ब्राइन गार करणारं यंत्र, गळतो आहे हे आधी लक्षात आलं होतं, तरी तो पुन्हा चालू केला गेला होता. नवीन बांधणीत आता कार्बन डायऑक्साइडचा वापर वाढतो आहे. बीजिंगच्या २०२२च्या ऑलिंपिकमधलं स्पीड स्केटिंगचं सभागृह त्यावरच चाललं. अमोनिया नकोच असं मी म्हणत नाही. तो बंद यंत्रघरात, थोडक्या प्रमाणात, चालू पंखे आणि संवेदक असताना ठेवावा, आणि चिलरचं वय झालं की बदलावा. डागडुजी करत राहू नये. रिसरफेसर, म्हणजे झांबोनीसारखी बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, गॅसवर चालणारी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचं मोजमापही हवं. नवी घेत असाल तर सरळ विजेवरची घ्या.

आता उपयोग. लोक ‘उपयोग’ विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे पदकं असतात. रिंकचा खरा कणा म्हणजे भाड्याच्या बुटांचा काउंटर. शनिवार-रविवारी येणारी कुटुंबं, वाढदिवस, सुट्टीतली मुलं, कठड्याला धरून चालणारी मोठी माणसं, यांच्या तिकिटावर आणि बुटांच्या भाड्यावर बाकी सगळं उभं राहतं. तरी याच काउंटरकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पाती बोथट असतील तर नवखा माणूस पहिल्या दहा मिनिटांत चारदा पडतो आणि परत येत नाही. दोष तो स्वतःला देतो, बुटाला नाही.

त्यानंतर शिकवणीचे वर्ग. मग क्लब. आणि इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. फिगर स्केटरला बर्फ थोडा मऊ लागतो, पृष्ठभाग उणे तीन-साडेतीन अंश. उडी मारून उतरताना धार रुतायला हवी, नाहीतर पाय सटकतो. हॉकीवाल्यांना कडक आणि वेगवान बर्फ हवा, उणे पाच-सहा. शॉर्ट ट्रॅकवाल्यांना, म्हणजे छोट्या फेरीवर शर्यत लावणाऱ्यांना, वळणावर तुटणार नाही असा. स्लॅबचं तापमान बटण दाबून बदलत नाही, त्याला तास लागतात. त्यामुळे एकच मैदान असेल तर कुठेतरी साडेचारच्या आसपास तडजोड करायची आणि दोघांच्याही तक्रारी ऐकायच्या. कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ, तर वेगळंच प्रकरण आहे. त्याला अगदी सपाट बर्फ आणि त्यावर मुद्दाम शिंपडलेले थेंबांचे दाणे लागतात. स्केटच्या खाचा तिथे चालतच नाहीत. कर्लिंग ‘त्याच रिंकमध्ये, मधल्या वेळात’ करू असं ज्या प्रस्तावात लिहिलं असेल, तो प्रस्ताव लिहिणाऱ्याने कर्लिंग पाहिलेलं नाही. स्पीड स्केटिंगच्या ४०० मीटरच्या फेरीला अर्थातच या मापाची रिंक पुरत नाही. शॉर्ट ट्रॅकची १११.१२ मीटरची फेरी मात्र ६० बाय ३०मध्ये नेमकी बसते.

खेळाच्या नियमांमुळे रिंकचा हिशेब कसा हलतो याचं एक उदाहरण. फिगर स्केटिंगमध्ये पूर्वी बर्फावर ठरावीक आकृत्या कोरून दाखवाव्या लागत. सरावासाठी प्रत्येकाला स्वच्छ बर्फाचा स्वतंत्र तुकडा लागायचा, त्याला ‘पॅच’ म्हणत. पहाटेचे पडून राहणारे तास या पॅचमुळे भरायचे. १९९०नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृत्या गेल्या आणि पॅचची गरजही गेली. शांत, तासन्‌तास एकाच वर्तुळावर फिरणारे ते सराव मी फार क्वचित पाहिले, पण जुन्या प्रशिक्षकांना त्याची हळहळ अजून वाटते आणि व्यवस्थापकांना त्या गेलेल्या तासांची.

एका शहराने रिंकचं काय करता येतं हे बघायचं असेल तर इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम बघावं. तिथलं आइस स्टेडियम १९३९ साली उघडलं आणि लगेच महायुद्ध आलं. इमारत दारूगोळ्याच्या साठ्यासाठी घेतली गेली. १९४६पासून पँथर्स हा हॉकीचा संघ तिथे खेळू लागला, १९६०मध्ये बंद पडला, १९८०मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याच बर्फावर जेन टॉर्विल आणि ख्रिस्तोफर डीन ही बर्फावरच्या नृत्याची जोडी वाढली. ती विमा कचेरीत, तो पोलिसात. नोकरी सांभाळून, गर्दी नसलेल्या अवेळी सराव. पुढे शहर परिषदेने अनुदान दिलं, नोकऱ्या सुटल्या, आणि १९८४च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये ‘बोलेरो’ या संगीतावर सुवर्णपदक आलं. जुनं स्टेडियम २०००च्या सुमारास पाडलं आणि त्या जागी नॅशनल आइस सेंटर आलं, शेजारी शेजारी दोन पूर्ण मापाची मैदानं असलेलं. पत्ता बोलेरो स्क्वेअर. माझ्या दृष्टीने पदकापेक्षा हा दोन मैदानांचा निर्णय शहाणपणाचा. एका बर्फावर सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम चालू असताना दुसऱ्यावर शाळेची मुलं शिकत असतात. एका मैदानाचं तापमान हॉकीचं, दुसऱ्याचं स्केटिंगचं. यंत्रघर, बुटांचा काउंटर, कर्मचारी मात्र एकच. दुप्पट बर्फाला दुप्पट खर्च येत नाही.

कार्यक्रमांसाठी बर्फ वितळवावा लागतो हा गैरसमज आहे. बर्फावर उष्णतारोधक पाट्या टाकतात, एका रात्रीत सभागृह तयार होतं, आणि खाली बर्फ तसाच असतो. गाणी, प्रदर्शनं, परीक्षा, बॉक्सिंग, काहीही होतं. फक्त पाट्यांच्या फटींतून सांडलेलं शीतपेय खाली जातं आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर तपकिरी नकाशा उमटतो. तो तासून काढण्यात सकाळ जाते. अपंगांच्या आइस हॉकीत खेळाडू स्लेजवर बसून खेळतात. त्यासाठी खेळाडूंच्या बाकापर्यंत पायरी नसलेली वाट आणि पुढची पाटी पारदर्शक लागते. हे बांधतानाच करायचं असतं. नंतर तोडफोड करून कोणी करत नाही.

एक उपयोग असा आहे की माहितीपत्रकात कोणी छापत नाही. १९१२मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर सापडलेले बरेच मृतदेह कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या मेफ्लॉवर कर्लिंग रिंकमध्ये ठेवले होते. मार्च २०२०मध्ये कोविडच्या लाटेत माद्रिदच्या पॅलासिओ दे इएलो या मॉलमधल्या रिंकचं शवागार करावं लागलं. गार, मोठी, सपाट, शहराच्या आत, रुंद दारांची इमारत आपत्तीच्या वेळी दुसरी सहसा नसते.

आणि उष्णता. बर्फातून काढलेली उष्णता कुठेतरी जातेच, आणि बहुतेक जुन्या रिंका ती आकाशात सोडतात. शेजारी जलतरण तलाव असेल तर तीच तिथलं पाणी तापवते. आंघोळीचं पाणी, रिसरफेसरचं पाणी, स्लॅबखालच्या गरम नळ्या आणि टाकीतून आणून टाकलेला बर्फाचा चुरा वितळवणं, सगळं त्यातून भागतं. शहराला रिंक आणि तलाव दोन्ही बांधायचे असतील, तर ते दोन टोकांना बांधणं हा शुद्ध अपव्यय आहे.

मग पांढरा हत्ती की नाही? स्पर्धेच्या तारखेसाठी बांधलेली आणि स्पर्धेनंतरच्या मंगळवारचा विचार न केलेली रिंक, हत्तीच. प्रस्ताव हातात आला की त्यातला आराखडा नंतर बघा, आधी आठवड्याचं वेळापत्रक मागा. शनिवारी संध्याकाळी कुठलीही रिंक भरलेली असते. मंगळवारी दुपारी दोन ते चार तिथे कोण असेल, याचं उत्तर शाळांशी झालेल्या बोलण्यासकट हवं. पहाटेचे तास क्लबांनी लेखी घेतलेत का? रात्री दहानंतर नोकरदारांची हॉकी बसवली आहे का? मैदान एक की दोन, आणि एकच असेल तर दुसऱ्यासाठी जागा राखली आहे का?

मग जवळची एखादी चालू रिंक गाठा, तीही मंगळवारीच. व्यवस्थापकाला बर्फाच्या जाडीची वही दाखवायला सांगा. मान वर करून छताच्या सांध्यांवर गंज किंवा पाण्याचे डाग आहेत का बघा. यंत्रघराच्या दाराशी उभं राहून चिलर कोणत्या सालचा आहे आणि मागच्या वेळी कधी उघडला होता, ते विचारा. दोन्ही साल पटकन सांगता आली तर आत बसून पुढचं बोला.